विश्वास ठेवला म्हणजे शरीर बरं होईलच का?

उत्तर आधी सांगतो: नाही. ख्रिस्ती विश्वास या आयुष्यात शरीर बरं होण्याची हमी देत नाही. देव बरं करू शकतो, कधीकधी करतोही, आणि त्याच्याकडे ते मागायला संकोच करू नये, हे सगळं पवित्र शास्त्रात आहे. "मागितलं की मिळणारच, आणि मिळालं नाही तर चूक तुझी" असं मात्र तिथं कुठेही लिहिलेलं नाही. पण ही दोन्ही एकाच मंचावरून, एकाच दमात सांगितली जातात. त्यामुळे ऐकणाऱ्याला ती वेगळी करता येत नाहीत.

मराठवाड्यात हा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही. हिंगोली किंवा बीडच्या आतल्या गावातून पेशंटला संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, तर गाडीभाडं लागतं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, तपासणीसाठी पुढची तारीख मिळते. अशात चंगाई सभेचं, म्हणजे आजार बरे करण्याच्या प्रार्थनासभेचं, पत्रक हातात पडतं: आंधळे पाहतील, लंगडे चालतील. तिथं जाणाऱ्याला भोळा म्हणून हिणवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. त्याला आधार हवा असतो. म्हणूनच त्याला मिळणारं उत्तर खरं असलं पाहिजे.

ज्या वचनावर सगळं उभं केलं जातं

हमी देणारे बहुतेक वेळा जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५३ व्या अध्यायाकडे बोट दाखवतात: त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले. त्यांचं म्हणणं असं, की येशूनं वधस्तंभावर पापांची क्षमा मिळवून दिली तसंच आरोग्यही मिळवून दिलं. क्षमा आज मिळते, तर आरोग्यही आजच मिळालं पाहिजे.

हे वचन नव्या करारात कुठं आणि कशासाठी आलं ते पाहू. मत्तयाच्या ८ व्या अध्यायात कफर्णहूमला पेत्राच्या सासूचा ताप उतरतो, संध्याकाळी गावातले दुखणेकरी आणले जातात, येशू त्यांना बरं करतो, आणि मत्तय यशयाचे शब्द आठवतो. म्हणजे या वचनाचा शरीराशी काही संबंध नाही असं म्हणता येणार नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात तेच शब्द पुन्हा येतात, पण तिथं समोर आहेत धन्यांचा मार खाणारे दास. पेत्र त्यांना ख्रिस्ताच्या जखमांची आठवण देतो ती पापाला मरून नीतीनं जगण्यासाठी. तुमचा मार उद्यापासून थांबेल असं वचन तो देत नाही.

तेव्हा वधस्तंभात शरीराचाही वाटा आहे, हे हमी देणाऱ्यांचं म्हणणं मान्य. चूक होते ती वेळेची. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की आत्मा हे प्रथमफळ ज्यांना मिळालं ते आपणसुद्धा कण्हतोय, शरीराच्या मुक्तीची वाट पाहतोय. प्रथमफळ म्हणजे काय ते आपल्या शेतकऱ्याला समजवायला नको. मूग आणि तूर एकाच पावसावर पेरलेली असतात. पोळ्याच्या आसपास मुगाच्या शेंगा घरात येतात, तेव्हा तूर हिरवी असते. ती पौष-माघात पदरात पडते. मूग आला म्हणून तूरही आजच काढा असं कोणी म्हणत नाही, आणि तूर अजून उभी आहे म्हणून पेरणी वाया गेली असंही कोणी म्हणत नाही. क्षमा आज मिळते. शरीराचं पूर्ण बरं होणं पुनरुत्थानाच्या दिवशी. मधल्या काळात देव कुणाला तरी आधीच उठवतो, आणि म्हणून आपण मागतो.

आणखी एक साधी गोष्ट. येशूनं बरं केलेली सगळी माणसं पुढे वारली. येशूनं मेलेल्यातून उठवलेला लाजारसुद्धा दुसऱ्यांदा वारला. पौल करिंथकरांना सांगतो की मरण हा शेवटी नाहीसा होणारा शत्रू आहे. शेवटचा शत्रू अजून उभा असताना आजार मात्र आजच संपला पाहिजे, हे जुळत नाही.

पौलाच्या आजूबाजूची आजारी माणसं

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९: इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी नेऊन आजाऱ्यांवर घातली जात आणि आजार जात. एवढं सामर्थ्य. आता तीमथ्याचं दुसरं पत्र, अगदी शेवटी, निरोपाच्या ओळींत एक वाक्य आहे: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. हा त्रफिम कोण? कृत्यांचा २१ वा अध्याय त्याला इफिसकर म्हणतो. ज्या शहरात रुमालानं लोक बरे झाले, त्याच शहरातला माणूस, पौलाचा सोबती, आणि पौलाला त्याला आजारी सोडून पुढं जावं लागलं. मिलेत इफिसापासून फार लांब नाही. पौल त्याच्या विश्वासाबद्दल चकार शब्द काढत नाही.

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट वरचेवर बिघडे. त्याला पौल नुसतं पाणी पिणं सोडून थोडा द्राक्षारस घे असं सांगतो, म्हणजे त्या काळचा घरगुती उपाय. दुसरा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला; पौल त्याला देवाची दया म्हणतो, एपफ्रदीताचा हक्क म्हणत नाही. आणि खुद्द पौलाच्या शरीरात काटा होता. तो नेमका कोणता त्रास यावर अभ्यासकांत एकमत नाही. तीन वेळा विनवणी करूनही तो गेला नाही आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची तयारी आहे?

"विश्वास कमी पडला" हे वाक्य

या विषयात सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं केलंय, म्हणून इथं थोडं थांबू.

बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला येशू म्हणाला, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले. विश्वासाचं महत्त्व आहेच. पण शुभवर्तमानात बरे झालेले सगळे विश्वासानं भरलेले होते असं नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडलेल्या, ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसाला आपल्याला बरं करणारा कोण हेही माहीत नव्हतं. शिवाय तिथं आजाऱ्यांची गर्दी होती. उठला तो एकटा. छप्पर उचकून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या वेळी येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला, म्हणजे बाजेला धरून आणणाऱ्यांचाही. झटके येणाऱ्या पोराचा बाप स्पष्ट म्हणाला की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. तरी पोरगा बरा झाला. आणि त्याच प्रसंगात अल्पविश्वासाबद्दल बोलणी कोणी खाल्ली? त्याला बरं करायला गेलेल्या शिष्यांनी. आजारी लेकराला येशू एका शब्दानं बोलला नाही. आज मंचावरून नेमकं उलटं होतं. प्रार्थना करणारा मोकळा सुटतो आणि बोल आजाऱ्याला लागतो.

"काहीतरी पाप असेल" हे दुसरं वाक्य. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं आणि येशूनं ते नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले, तेव्हाही त्यानं विचारलं की ते काय इतरांपेक्षा मोठे पापी होते? किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, सुमारे १० हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यांच्या पापाचा हिशेब मांडणाऱ्याला शुभवर्तमानात आधार मिळत नाही.

हे वाक्य घरात शिरलं की काय होतं, ते बारकाईनं पाहा. आजारी माणूस दुखणं लपवायला लागतो. "दुखतंय" म्हटलं तर अविश्वास ठरेल, म्हणून "प्रभूनं बरं केलंय" असं म्हणत राहतो. स्तनात गाठ लागलेली बाई नवऱ्यालाही सांगत नाही. बोटाच्या पेराएवढी गाठ लिंबाएवढी होते, मग कातडी ओढली जाते, मग काखेत गाठी लागतात. पहिल्या टप्प्यात जे ऑपरेशननं आटोक्यात आलं असतं ते हाताबाहेर जातं. शास्त्रात दुखणं बोलून दाखवायला बंदी नाही. स्तोत्रांपैकी कितीतरी निव्वळ कण्हणं आहे, ८८ वं तर अंधारातच संपतं. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूनंही दुःखाचा प्याला टळू दे असं मागितलं, आणि तो टळला नाही.

घरी आजारी माणसासाठी प्रार्थना कशी करावी

याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय पद्धत सांगतो. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या वडीलजनांना, बोलवावं. म्हणजे वडीलजन घरी येतात, आजाऱ्याला मैदानावरच्या रांगेत उभं करत नाहीत. ते एकापेक्षा जास्त असावेत, कुण्या एकट्याची करामत दाखवायला जागा राहत नाही. प्रभूच्या नावानं तेल लावावं, प्रार्थना करावी, एकमेकांजवळ पापं कबूल करावीत. एकमेकांजवळ, म्हणजे वडिलांनीही. "विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील" हे वाक्य इथलंच. पण एकच पान मागं, ४ थ्या अध्यायात, हाच याकोब सांगतो की उद्याचं बोलताना "प्रभूची इच्छा असेल तर" असं म्हणा. दोन्ही एकत्र वाचायची.

तेल साधं, घरातलं चालतं. कपाळाला एक-दोन थेंब. उघड्या जखमेत, भाजलेल्या जागी, डोळ्यांत किंवा कानात घालू नये, प्यायला देऊ नये. बाटलीत भरून विकणं तर नाहीच. प्रार्थना दहा-पंधरा मिनिटांत आटोपावी, कारण तापानं फणफणलेल्या माणसाला तासभर गाणी सोसत नाहीत. टीबीचा पेशंट असेल तर खिडकी-दार उघडं ठेवून बसावं. डोक्यावर हात ठेवताना दाबू नये, ढकलू नये. पेशंट बाई असेल तर सोबत मंडळीतली बाई असावी. नेमकं मागावं: ताप उतरू दे, ऑपरेशन नीट होऊ दे, रात्री झोप लागू दे, औषधाला पैसे मिळू दे. "आत्ता बरं झालंय, कबूल कर" असं पेशंटकडून वदवून घेऊ नये.

पैसे घेऊ नयेत. अरामी सेनापती नामानाचं कोड गेलं तेव्हा अलीशा संदेष्ट्यानं त्यानं देऊ केलेली भेटवस्तू घेतली नाही. नोकर गेहजी मागून धावत गेला, चांदी आणि कपडे घेऊन आला, आणि ते कोड त्याला लागलं. बरं होण्यासाठी "बी पेरा" म्हणून अर्पण मागणाऱ्यांनी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा ५ वा अध्याय वाचावा.

आजाऱ्यानं उपास करावा का, हे नेहमी विचारलं जातं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना उपास केला तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, बरळणं, बेशुद्धी. गरोदर बाई, किडनीचा पेशंट, टीबीमुळे वजन घटलेला माणूस, यांनीही उपास करू नये. उपास करायचाच तर त्यांच्यासाठी घरच्या धडधाकट माणसानं करावा.

गोळ्या बंद करायच्या का?

नाही. हिज्कीया राजा मरणपंथाला लागला, रडून प्रार्थना केली, देवानं १५ वर्षं वाढवून दिली. त्याच अध्यायात यशया सांगतो की अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधा. वचन मिळाल्यावरही पोटीस लावलंच. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. आसा राजानं परमेश्वराला न विचारता वैद्यांकडे धाव घेतली म्हणून त्याला दोष दिलाय खरा, पण तो परमेश्वराला विसरण्याबद्दल आहे. जालन्यात मिशनऱ्यांनी चर्चसोबत दवाखानाही चालवला. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही.

औषध मधेच सोडलं की काय होतं ते आजारागणिक वेगळं असतं. टीबीचा साधा कोर्स ६ महिन्यांचा: पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. दोन-चार आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, आणि इथंच घात होतो. सभेत जाऊन आलेला माणूस म्हणतो मी बरा झालो, गोळ्या सोडतो. उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊन परत येतात आणि घरच्यांनाही लागतात. टाइप १ मधुमेहाच्या लेकराचं इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, खोल धापा, आणि उपचार नाही झाले तर मरण. फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर एकामागून एक झटके येतात. पाच मिनिटांहून लांबलेला झटका म्हणजे तातडीचं दवाखान्याचं काम. बीपी वाढलेलं जाणवतच नाही, त्यामुळे "मला आता बरं वाटतंय" याला तिथं काही अर्थ नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार साक्षीत येतो. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) "आढळला नाही" असा रिपोर्ट म्हणजे एआरटीची औषधं काम करतायत. विषाणू शरीरात दडलेला असतो. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत पुन्हा वाढतो.

मनाच्या आजारात भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण होते, साखळीनं बांधतात. कानात आवाज येणं, झोप उडणं, जीव द्यावासा वाटणं याला उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो.

साप चावला तर प्रार्थनेसाठी थांबू नये. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा दुखतही नाही, आणि पापण्या जड होऊन श्वास बंद पडतो. १०८ ला फोन करा, चावलेला अवयव हलवू नका, प्रार्थना गाडीत करा. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे: ६ महिने ते ७ वर्षं कैद, ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. कॅन्सर, मधुमेह, फिट अशा आजारांवर चमत्कारी उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. प्रार्थनेवर बंदी नाही.

सभेत काठी टाकून चालला, त्याचं काय?

बहुतेक वेळा तो नाटक करत नसतो. गर्दी, गाणी, आशा यांनी शरीरात अशी रसायनं सुटतात की काही तास वेदना दबते. गुडघा मात्र तसाच झिजलेला असतो, दुसऱ्या दिवशी सुजतो. काही आजार आपोआप कमी-जास्त होतात. संधिवात, दमा, पाठदुखी जास्त असतानाच माणूस सभेला जातो, आणि त्यानंतर उतार पडणारच असतो. कधी चालू औषधाचा गुण येतो आणि श्रेय सभेला जातं.

मग खरं बरं होणं ओळखायचं कसं? येशूनं दहा कुष्ठरोग्यांना सांगितलं, जा, याजकांना दाखवा. लेवीय १३ आणि १४ मध्ये याजकानं सात-सात दिवसांनी पुन्हा तपासायचं, अशी सविस्तर रीत आहे. देवाचं काम तपासणीला भीत नाही, हे माझं ठाम मत आहे. मंडळीत साक्ष देण्याआधी पाहावं: आधीचं निदान कागदावर होतं का, नंतर तीच तपासणी केली का, मध्ये औषध चालू होतं का, सहा महिन्यांनी काय स्थिती आहे. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्राला १८५८ पासून अगणित आजारी गेले. कॅथलिक चर्चनं तिथले चमत्कार म्हणून मान्य केलेले प्रसंग सत्तरच्या थोडे वर आहेत, कारण आजार गंभीर असावा, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकणारं असावं, आणि उपचारानं त्याचा उलगडा होऊ नये, असे निकष लावले जातात.

प्रार्थनेची शास्त्रीय चाचणीही झालीय. अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत, प्रार्थना झालेल्या आणि न झालेल्या, काही फरक दिसला नाही. प्रार्थना नक्की होतेय हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली, ५९ टक्के. देवाशी बोलणं गोळीसारखं मोजता येतं असं मला वाटत नाही. पण हमी देणाऱ्यांनी हे आकडे टाळू नयेत.

बरं होणार नसेल तेव्हा

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं आध्यात्मिक जागरण झालं. पंडिता रमाबाई आणि शेकडो मुली-बाया तासन्‌तास प्रार्थना करत. त्याच रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई. बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी मरेपर्यंत केलं. प्रार्थना कमी पडली असं म्हणायला इथं जागा नाही.

कॅन्सर पसरलाय आणि डॉक्टरांनी हात टेकले, अशा वेळी घरच्यांनी वेदना कमी करणारा उपचार मागावा. तोंडानं घ्यायचं मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीत सुरक्षित असतं. त्यानं आशा सोडली असं होत नाही.

हमी आणखी एक गोष्ट हिरावून घेते, ती म्हणजे निरोप. "बरं होणारच" असा हट्ट धरलेल्या घरात मरणाऱ्याला शेवटचं बोलता येत नाही. सातबाऱ्यावरची नावं, बँकेतला वारस, वीस वर्षं अबोला धरलेला भाऊ, सगळं तसंच राहतं. हिज्कीयाला पहिला निरोप आला तो हाच, की घराची निरवानिरव कर. बांधावरच्या भांडणातल्या भावाला फोन लावून द्या, तो आला की त्या दोघांना खोलीत एकटं सोडा, आणि बाहेर ओसरीवर बसून बरं होण्यासाठी प्रार्थना चालू ठेवा.